आईच्या मनगटात दबलेली नस आणि एनसीव्ही चाचणी: सोलापुरातला अनुभव आणि एक प्रश्न

साखरपेठची लेक

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले. काल रिपोर्ट हातात आला आणि आता तुमच्याशी बोलल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आईचं वय ५८. लग्नाआधीपासून विड्या वळते. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. मांडीवर सूप, ओली करून ठेवलेली पानं, कात्री, दोरा आणि दिवसाला हजाराचा हिशोब. दोन-अडीच वर्षांपूर्वी तिचा उजवा हात रात्री झोपायला लागला. पहाटे दोन-तीनला उठून बसायची आणि हात झटकत राहायची. आम्ही आतल्या खोलीत झोपतो. बांगड्या वाजल्या की कळायचं, आईचा हात झोपला.

एका ठिकाणी दाखवलं. मानेचा एक्स-रे काढला, 'मणक्यात गॅप आलाय' म्हणाले. कॉलर, शेक, बी-१२ची इंजेक्शनं असं दीड वर्ष चाललं. आई निमूट सगळं करत होती. मधल्या काळात मुंग्या दिवसाही यायला लागल्या. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट. करंगळीला कधीच काही नाही. मग दोरा नीट आवळला जाईना आणि कारखान्यातून विड्या परत यायला लागल्या. तिला सगळ्यात जास्त लागलं ते याचं. चाळीस वर्षांत तिचा माल कधी परत आला नव्हता.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी तिचा हात हातात घेऊन नुसता उलटा केला आणि मला दाखवला. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तो डाव्या हाताला होता. उजव्या हाताला तिथे खळगा होता. मी रोज तिच्या हातची भाकरी खाते, आणि मला दिसलं नव्हतं.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: थायरॉइड तपासा आणि एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजायची चाचणी) करा. थायरॉइड कमी निघाला, गोळी सुरू झाली. परवा एनसीव्ही झाली.

चाचणीबद्दल लिहिते, कारण करंट देतात हे ऐकूनच आई तीन आठवडे टाळत होती. खोलीत एक पलंग, कॉम्प्युटर आणि तारा. अंगठी काढायला लावली. बांगड्या काढायला आई तयार नव्हती, तर तिथल्या ताईंनी त्या हळूच कोपराकडे सरकवून वर कापडी पट्टी बांधली. बोटाला स्प्रिंगसारख्या दोन रिंगा घातल्या, अंगठ्याच्या बुडाशी चिकटपट्टीने बटण लावलं, मनगटावर पेनाने खूण केली, टेपने अंतर मोजलं. मग खुणेवर करंट. टिचकी मारल्यासारखं होतं आणि अंगठा आपोआप उडतो. आई पहिल्यांदा दचकली, नंतर स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसली. कोपराजवळ दिला तेव्हा 'अगं आई' म्हणाली, तेवढंच. दोन्ही हात मिळून अर्धा-पाऊण तास लागला.

रिपोर्टमधले आकडे जसेच्या तसे देते:
उजवी मीडियन (अंगठ्याकडच्या बोटांची नस): मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंतची वेळ ७.१ मिलिसेकंद, उंची १.९ मिलिव्होल्ट. बोटाची संवेदना 'नो रिस्पॉन्स'.
डावी मीडियन: ४.६ मिलिसेकंद, उंची ८ मिलिव्होल्ट. संवेदनेचा वेग ३८ मीटर प्रति सेकंद.
दोन्ही अल्नर (करंगळीकडची नस): नॉर्मल.
खाली लिहिलंय: उजवीकडे तीव्र, डावीकडे मध्यम कार्पल टनेल सिंड्रोम (म्हणजे मनगटातल्या बोगद्यात नस दबणं).

डॉक्टर म्हणतात उजव्या हाताचं ऑपरेशन लवकर करा. आई म्हणते, 'नशीलाच चाकू लागला तर आहे तो हातही जायचा.' आणि डाव्या हाताला तर अजून फारसा त्रासच नाही. काय करावं? कुणाचा अनुभव?

धोटा

ताई, माझ्या बायकोचं हेच झालं होतं, ती शिलाई करते. तिला रात्री पट्टा बांधून आणि मनगटात एक इंजेक्शन घेऊन बराच आराम पडला, पण तिच्या अंगठ्याचं मांस गेलं नव्हतं. तुमच्या आईचं वेगळं वाटतं. इथे चाचणी करणारे एक दादा लिहितात, ते येतील बघा.

मिलिसेकंद

आलो. मी ही चाचणी रोज करतो, गेली अकरा वर्षं. ताई, तुम्ही आकडे पूर्ण दिलेत हे फार बरं केलं. लोक नुसतं 'रिपोर्टमध्ये नस दबलीय आलंय' एवढंच लिहितात.

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडांची एक घळ आहे आणि तिच्यावर जाड पट्टा आडवा ताणलेला आहे. त्या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक मीडियन नस जाते. जागा वाढत नाही. दोऱ्यांवरचं आवरण सुजलं किंवा थायरॉइडमुळे, गरोदरपणात अंगात पाणी साठलं की चेपली जाते ती नस, कारण तिथे तीच सगळ्यात मऊ आहे. झोपेत मनगट दुमडलं की दाब आणखी वाढतो. म्हणून रात्रीचा त्रास आणि म्हणूनच हात झटकणं.

आम्ही मोजतो दोन गोष्टी: संदेश किती वेळात पोचला आणि किती मोठा पोचला (हीच रिपोर्टमधली 'उंची'). धोटाभाऊंना लगेच कळेल असं सांगतो. नस म्हणजे एक धागा नाही, मागावर उभा ताणलेला ताणा आहे, त्यात हजारो धागे. दाब आला की आधी धाग्यांवरचं आवरण खराब होतं. धागे शाबूत असतात पण संदेश रखडतो. तेव्हा वेळ वाढते, वेग घटतो. दाब तसाच राहिला की धागेच तुटायला लागतात. मग उंची पडते. डाव्या हाताला ४.६ आहे. साधारण सव्वाचारच्या पुढे आम्ही लांबलेलं म्हणतो (लॅबप्रमाणे थोडा फरक असतो). पण उंची ८ आहे, म्हणजे ताणा शाबूत आहे. उजवीकडे ७.१ आणि उंची १.९. निरोगी हातात ती निदान ४च्या वर असते. तिथे धागे गेलेत. तो खळगा आणि हा १.९ एकाच गोष्टीबद्दल सांगतायत.

अल्नर नॉर्मल आहे हा रिपोर्टमधला सगळ्यात उपयोगी शब्द. करंगळीची नस बोगद्यातून जात नाही, बाहेरून जाते. साखरेमुळे सगळ्याच नसा मंदावल्या असत्या तर तीही मंद आली असती. एकटी मीडियन आणि तीही मनगटातच मंद, म्हणून बोगदा.

एक कळकळीची विनंती सगळ्यांनाच. चाचणीला जाताना हातांना तेल, क्रीम लावू नका, आणि हात गार असेल तर सांगा. थंड हातात नस खरोखरच हळू चालते, एका अंशाला सेकंदाला जवळपास दोन मीटरने वेग घटतो. आपल्या गावात एप्रिल-मेमध्ये माणूस ४२ अंशांच्या उन्हातून येतो आणि गारठलेल्या एसी खोलीत अर्धा तास बसतो. बोटं बर्फ झालेली असतात. मी हात ३२ अंशांच्या वर आल्याशिवाय मशीनला हात लावत नाही. कोमट पाण्याची बादली आणि टॉवेल ठेवलेलाच असतो. पूर्वी एका ठिकाणी नोकरीला असताना रांग लांब म्हणून गार हातांवरच चाचण्या उरकलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यातल्या एका बाईंना दोन्ही हातांत दोष आहे असं लिहून दिलं होतं. तीन महिन्यांनी कोमट हातावर परत केली, सगळं नॉर्मल. तेव्हापासून हा हट्ट आहे. टेपचंही तसंच. ८ सेंटिमीटरमध्ये अर्धा सेंटिमीटर चुकला की वेग सहा टक्क्यांनी चुकला.

विजापूर वेस

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. माझं ऑपरेशन झालं तेव्हा एनसीव्ही केलीच नाही. सर्जननी लक्षणं विचारली, एक मिनिट मनगटं दुमडून धरायला लावली, मुंग्या आल्या. मनगटाची सोनोग्राफी केली, त्यात नस फुगलेली दिसली. झालं. सगळ्यांना करंट देत बसायची गरज आहे का? गरीब माणसाचा दिवस बुडतो, मजुरी बुडते, पैसे जातात ते वेगळेच.

न्यूरो वाचक

विजापूर वेस, तुमचा मुद्दा मला पटतो, पण अर्धाच. मी या विषयात काम करणारा डॉक्टर आहे.

लक्षणं अगदी ठसठशीत असतील तर निदान बोलण्यातून आणि हात बघून होतं हे खरं आहे. साडेतीन बोटं बधिर, तळव्याच्या मधोमध मात्र संवेदना चांगली (तळव्याच्या त्वचेची शाखा बोगद्याच्या आधीच फुटून वरून जाते), रात्री जाग येणं, हात झटकल्यावर बरं वाटणं. एवढं सांगणारा पेशंट समोर असेल तर चाचणीआधीच मला बरंच कळलेलं असतं. सोनोग्राफीही चांगली आहे, दुखत नाही, आणि बोगद्याच्या तोंडाशी नसेचा छेद साधारण १० चौरस मिलिमीटरच्या पुढे गेला तर फुगलीय असं धरतात. गाठ किंवा जादा स्नायू असेल तर तोही दिसतो. एनसीव्हीत ते दिसत नाही.

पण साखरपेठच्या ताईंचीच गोष्ट घ्या. दीड वर्ष मानेचा उपचार झाला. पन्नाशीनंतर कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, काहीतरी झीज दिसणारच. झीज दिसली म्हणजे त्रास तिथूनच आहे असं होत नाही. मानेतली नस दबली तर अंगठ्याला-बोटांना मुंग्या येऊ शकतात हेही खरं, म्हणूनच घोटाळा होतो. त्यावेळी एक एनसीव्ही झाली असती तर अडथळा मनगटात आहे हे तेव्हाच उघड झालं असतं. मान की मनगट अशी शंका असेल तिथे सुईची ईएमजीही करतात, दंडाच्या आणि मानेलगतच्या स्नायूंत काही दोष दिसतो का ते बघायला. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सुईआधी नक्की सांगा, आणि पेसमेकर असेल तर करंटआधी.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लक्षणं खरी असूनही साधी एनसीव्ही नॉर्मल येते असे पेशंट आम्हाला नेहमी भेटतात. ही चाचणी जाड, वेगवान धागे मोजते. वेदना नेणारे बारीक धागे तिला दिसत नाहीत. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही' असं सांगून माणसाला घरी पाठवणं मला अजिबात मान्य नाही. तेव्हा तुलना करून बघावी लागते. अनामिकेला निम्मी संवेदना मीडियनकडून येते, निम्मी अल्नरकडून. एकाच बोटावर दोन्ही नसांची वेळ मोजायची. अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक आला तरी तो बोलका असतो. ही तुलना रिपोर्टमध्ये नसेल तर मागून घ्या, तुमचा हक्क आहे.

हे सगळं मुळात मोजता येतं हेच मला अजूनही नवल वाटतं. १८५० च्या सुमाराला जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या नसेतला वेग मोजला. तोवर तो मोजण्यापलीकडचा आहे असं मोठमोठे शास्त्रज्ञ मानत होते. मनगटात मीडियन नस मंदावते हे सिम्पसन यांनी १९५६ मध्ये दाखवलं. तुमच्या आईच्या रिपोर्टमधला ७.१ हा आकडा तिथून आलाय.

ताई, आता तुमचा प्रश्न. पेशंट न बघता मी निर्णय देणार नाही. पण उंची पडलेली, स्नायू वाळलेला, संवेदना शून्य, अशा हाताला पट्टा बांधून वाट बघायला मी कुणालाच सांगत नाही. तुटलेले धागे वाढतात दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, आणि स्नायू फार काळ उपाशी राहिला की तो मग परत येत नाही. चाकूची भीती: ऑपरेशनमध्ये नस कापत नाहीत, तिच्यावरचा पट्टा कापून बोगद्याचं छप्पर उघडतात. बहुतेकदा हातापुरतीच भूल. धोका शून्य नाही, पण सरावलेल्या हातात तो कमी आहे. सर्जनना हे सगळं आईसमोर विचारा. त्या ऐकतील. तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांनी स्वतः विचारलेलं चांगलं.

विजापूर वेस

मानेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता डॉक्टर. मान्य. माझ्याकडून आईंना सांगा ताई, माझे टाके बारा दिवसांनी निघाले. रात्रीच्या मुंग्या पहिल्याच आठवड्यात गेल्या. पण तळव्याच्या बुडाशी, कापलेल्याच्या दोन्ही बाजूंना, दाबल्यावर तीन महिने दुखत होतं. भाकरी थापताना त्यांना ते नक्की जाणवेल. घाबरू नये, हळूहळू जातं.

नवी पालवी

मध्येच विचारते. मला सातवा महिना चालू आहे, दोन्ही हातांना अशाच मुंग्या येतात, सकाळी मूठ मिटत नाही. सासूबाई म्हणतात होतं असं. मीही चाचणी करायची का?

न्यूरो वाचक

सासूबाई बरोबर सांगतायत, गरोदरपणात हे बऱ्याच जणींना होतं आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं कमी होतं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपा. तो घट्ट आवळायचा नाही, मनगट मागे वाकवायचं नाही, सरळच. तुमच्या डॉक्टरांना सांगून ठेवा, साखर आणि थायरॉइड बघितलंय ना विचारा. बोटं सतत बधिर राहिली किंवा अंगठ्याची ताकद गेली तर मात्र थांबू नका. चाचणी गरोदरपणात करता येते, पण तुम्ही सांगताय त्यावरून आज गरज वाटत नाही.

कुंभारी रोड

मी रिक्षा चालवतो. मला मुंग्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला येतात. मनगटाचा पट्टा आणून महिना झाला, शून्य फरक.

मिलिसेकंद

दादा, पट्टा चुकीच्या जागी बांधलाय. करंगळी म्हणजे अल्नर नस, आणि ती बहुतेक वेळा कोपराच्या आतल्या बाजूला दबते, जिथे आपटल्यावर झिणझिणी येते तिथे. थांबलेले असताना कोपर कठड्यावर टेकवून बसता का? झोपताना हात दुमडून उशीखाली घेता का? चाचणी करायची झाली तर कोपराच्या वर आणि खाली दोन्हीकडे मोजायला सांगा, नुसती मनगटाची नको. करंगळीच्या बाजूची पकड कमी झाली असेल तर या आठवड्यातच दाखवा.

कुंभारी रोड

बसतो की. दिवसभर तसाच बसतो. धन्यवाद दादा, कुणी हे विचारलंच नव्हतं.

धोटा

ताई, एक विचारू का? विडीमुळेच झालं असं लिहून मिळेल का डॉक्टरांकडून? आमच्या गल्लीत पाच-सहा मावश्या आहेत ज्या रात्री हात झटकतात. सगळ्यांना वाटतं वयाने होतंय.

साखरपेठची लेक

धोटाभाऊ, मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले एकट्या विडीवर बोट ठेवता येणार नाही, थायरॉइड आहे, वय आहे, बायकांमध्ये हे प्रमाण मुळातच जास्त. पण जोर लावून तीच ती हालचाल वर्षानुवर्षं केली तर धोका वाढतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला वाटतं मावश्यांना आज प्रमाणपत्रापेक्षा कुणीतरी त्यांचा हात उलटा करून बघणं जास्त गरजेचं आहे. तुम्ही बघाल का? दोन्ही तळवे शेजारी शेजारी ठेवायचे आणि अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सारखा आहे का एवढंच बघायचं. आणि बधिरपणा कोणत्या बोटांना आहे ते विचारायचं.

साखरपेठची लेक (सात आठवड्यांनी)

उशिरा लिहितेय, माफ करा. उजव्या हाताचं ऑपरेशन झालं. आईने सर्जनना स्वतः विचारलं, 'नस कापणार का?' त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, पट्टा कुठे, नस कुठे. तो कागद तिने घडी घालून देवघरातल्या पोथीत ठेवलाय. भूल हातापुरतीच होती. आत असताना नर्सशी शेंगाचटणीबद्दल बोलत होती म्हणे.

रात्रीचा त्रास तिसऱ्या दिवसापासून बंद. सलग झोपते. बधिरपणा अजून आहे, पहिल्या बोटाच्या शेंड्याला थोडी जाणीव येतेय असं ती म्हणते. खळगा आहे तसाच आहे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की तो भरेलच असं नाही, सहा महिने ते वर्षभर वाट बघायची. दीड वर्ष आधी कळलं असतं तर हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

डाव्या हाताला रात्री पट्टा आणि थायरॉइडची गोळी. सहा महिन्यांनी परत एनसीव्ही, त्याच लॅबमध्ये, म्हणजे आकडे शेजारी शेजारी ठेवता येतील. यावेळी हात कोमट आहे का हे मी स्वतः विचारणार आहे, मिलिसेकंददादा.

विड्या सध्या बंद. ती रोज सूप पुसून जागेवर ठेवते.

धोटा

मावश्यांचे हात बघितले. सहापैकी दोघींच्या उजव्या अंगठ्याखाली खळगा आहे. सोमवारी दोघींना घेऊन जातोय. रिपोर्ट आले की इथेच टाकतो, आकड्यांसकट.